10 किलोची पुठ्ठ्याची खोकी रोबोटने उचलायला व्हॅक्यूम ग्रिपर कसा निवडावा? सप्लायर म्हणतो 50 मिमीचे चार कप (हवा ओढून खोक्याला चिकटणारे सक्शन कप) पुरेत, ते खरं का?

मला तरी चार कमी वाटतायत, आणि सप्लायरने नुसतं वजन बघून सांगितलंय असं वाटतंय. सगळे सुरुवात वजनापासूनच करतात, मीपण करायचो. पण आधी बघायचं ते कप आणि खोक्याच्या मधून हवा किती गळते. लोखंडी शीट किंवा काच असेल तर 60 किलोपास्कल व्हॅक्यूम (म्हणजे कपच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा इतका कमी दाब) आरामात मिळतो, पुठ्ठा मात्र श्वास घेतो, तिथं 20 ते 40 च्या मध्ये कुठंतरी अडकतं.

आता हिशोब करू. 50 मिमीच्या कपचं क्षेत्रफळ साधारण 19.6 चौ. सेंमी, 30 किलोपास्कल धरले तर एका कपला सुमारे 59 न्यूटन, म्हणजे 6 किलो. चार कपचे 24 किलो, आणि खोकं तर 10 चंच, मग काय प्रॉब्लेम? प्रॉब्लेम हा की रोबोट खोकं नुसतं धरून उभा राहत नाही, ते घेऊन आडवा पळतो. समजा प्रवेग 5 मी/से² आहे आणि घर्षण गुणांक 0.5, तर 10 × (9.81 + 5/0.5) म्हणजे जवळपास 198 न्यूटन, त्याला 2 चा सेफ्टी फॅक्टर लावला की 396. भागिले 59, सातच्या आसपास. मी 8 लावीन नाहीतर कप मोठा घेईन. (खोकं बाजूने धरून उभंच उचलायचं असेल तर सगळं वजन घर्षणावर येतं, तिथं फॅक्टर 4 धरतात.)

आमच्याकडे एकदा ट्रायल मस्त झाली होती कारण खोकी कोरी करकरीत होती. लाईनवर आली ती रिसायकल पुठ्ठ्याची, त्यात पावसाळ्यात सादळलेली. ग्रिपर वर गेला तेव्हा कपला छापील कागदाचा गोल तुकडा चिकटलेला आणि खोकं खालीच! म्हणजे कपने पकड सोडलीच नव्हती, पुठ्ठ्याचा वरचा थर सुटून आला. म्हणून ट्रायलला स्टोअरमधलं सगळ्यात वाईट खोकं मागून घ्या, चांगलं नको. एक कप, एक इजेक्टर (कॉम्प्रेस्ड एअरवर व्हॅक्यूम तयार करणारा भाग) आणि एक गेज लावून बघा काटा कुठं थांबतो, तोच आकडा हिशोबात घाला. कप टेपच्या पट्टीवर किंवा फ्लॅपच्या फटीवर येत नाहीये ना तेही बघा, तिथंच सगळी हवा जाते.

गळती जास्त असेल तर जास्त व्हॅक्यूमवाला इजेक्टर घेऊन काही होत नाही, जास्त फ्लो लागतो, म्हणजे दर मिनिटाला जास्त हवा ओढणारा, आणि फारच गळत असेल तर ब्लोअर, म्हणजे पंख्यासारखी भरपूर हवा ओढणारी मोटर. इजेक्टर छोटा, हलका, कपच्या जवळ बसतो पण कॉम्प्रेस्ड एअर खातो, दिवसभर चालणार असेल तर एअर सेव्हिंग (व्हॅक्यूम मिळाला की इजेक्टर आपोआप बंद होणं) बघावंसं वाटेल, पण ते सील नीट होणाऱ्या मालावरच कामाचं, पुठ्ठ्यावर तो परत परत चालूच होत राहतो.

कप दीड घडीचा बेलो (भात्यासारखा दबणारा) घ्या, खोक्याची उंची थोडी मागेपुढे असली तरी सांभाळतो. मटेरियल पॉलियुरेथेन, पुठ्ठ्यावर झिजत नाही लवकर. तेलकट शीटला नायट्राइल. सिलिकॉन गरम मालाला छान पण पुढं पेंट होणाऱ्या पार्टला चुकूनही लावू नका, कपच्या गोल ठशावर रंग धरत नाही.

फिल्टर आधीच बसवा, पुठ्ठ्याचा भुसा इजेक्टर बुजवतो. आणि व्हॅक्यूम स्विचचं (ठरलेला व्हॅक्यूम मिळाला नाही तर अलार्म देणारा) सेटिंग ट्रायलच्या आकड्याच्या जरा खाली ठेवा. आम्ही 60 वर ठेवलं होतं, ते कधीच गाठलं जायचं नाही, अलार्म सारखा वाजायचा, शेवटी नाईट शिफ्टच्या ऑपरेटरने वैतागून स्विच बायपासच केला आणि ते आम्हाला कळलं खोकं पडल्यावर.