बडोद्यातला फ्लॅट विकला जात नाही, भाव कधी आणि किती उतरवू?

मांजलपूरचा टू बीएचके 48 लाखांना काढून चार महिने झाले, दोनच गिऱ्हाइकं आली, वडील भाव उतरवायला तयार नाहीत, म्हणून महिन्याला पन्नास-पन्नास हजार कमी करू का, असं तुम्ही विचारलंय. तसं करू नका. मी केलंय.

आई गेल्यावर करेलीबागेतलं टेनामेंट (अंगण असलेलं बैठं घर) विकायला काढलं, तेव्हा 92 लाख मी मनानेच ठरवले. अंगणातला बाबांचा चिकूसुद्धा त्यात धरला होता. मग लाख-लाख करत तीनदा उतरलो. शेवटी दलाल म्हणाला, "भाई, लोको बीजा लाखनी राह जुए छे." खरंच, सगळे पुढच्या लाखाची वाट बघत होते. वर्ष गेलं. मग एकदम 84 सांगितले आणि पाच आठवड्यांत 81 ला बानाखत (विक्रीचा करार) झालं.

वीस जण घर बघून गेले असते आणि कुणीच बोली लावली नसती, तर मी आधी ओल, रंग, कागदपत्रं बघा म्हटलं असतं. तुमच्याकडे लोक भाव ऐकूनच येत नाहीयेत. गिऱ्हाईक दलालाला "45 च्या आत" असं सांगतं, घरांच्या वेबसाइटवरही तसंच गाळून बघतं. 47 केलेत तर तीच माणसं, 44.90 केलेत तर नवी येतील. मात्र आकडा पक्का करण्याआधी तुमच्याच सोसायटीत गेल्या वर्षभरात खरोखर झालेले सौदे सेक्रेटरींकडून काढा. जाहिरातीतले भाव धरू नका, ते तुमच्यासारखेच अडकलेले असतात.

जंत्रीही (सरकारने ठरवलेला मालमत्तेचा दर) बघा. 15 एप्रिल 2023 पासून ती बरीच वाढली आहे. जंत्रीचा आकडा दस्तावेजातल्या (विक्रीखतातल्या) किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघाला, तर प्राप्तिकरासाठी नफा जंत्रीच्या आकड्यावरून धरतात.

आणि थांबणं फुकट नाही. 45 लाखांवर सात टक्के धरले तरी महिन्याला 26 हजार व्याज बुडतं, मेंटेनन्स वेगळा.

पितृपक्षात किंवा कमुरतांत (गुजरातेत अशुभ मानतात तो महिना, 16 डिसेंबरच्या सुमारास ते संक्रांत) भाव पाडू नका, तेव्हा इथे कुणी टोकन देत नाही. नवरात्र लागताच किंवा संक्रांतीनंतर लगेच, एकदाच उतरा. वडिलांशी आकड्यावरून वाद घालू नका. सोसायटीतल्या शेवटच्या सौद्याची इंडेक्स-2 ची (नोंदणी कार्यालयातल्या सौद्याच्या नोंदीची) नक्कल त्यांच्या हातात द्या.