धूर थांबला, पण टाकीतलं पाणी कुठे गेलं?

प्रश्न : आम्ही सांगलीच्या कुपवाडजवळ राहतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सीएनसी प्लाझ्मा कटर (संगणकाच्या आज्ञेने तप्त प्लाझ्माच्या झोताने धातूचा पत्रा कापणारं यंत्र) बसवलाय, गेट-ग्रिलचं जॉबवर्क घेतो. धुरावरून शेजारच्या काकूंची तक्रार होती, म्हणून मशीनखाली चार बाय चार फुटांची, चार इंच खोल पाण्याची टाकी स्वतः वेल्डिंग करून बसवली. धूर जवळजवळ थांबला. आता काकूंच्या वकिलाची नोटीस आली आहे : टाकीचं पाणी काकूंच्या विहिरीत उतरतं, काम बंद करा, दोन लाख भरपाई द्या. ज्यांच्यासाठी खर्च केला त्यांनीच नोटीस धाडली. उत्तर द्यायलाच हवं का?

उत्तर : हो, आणि मुदतीच्या आत. नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणून कोणी लगेच काही करत नाही, पण उद्या दावा लागला तर तुमचं गप्प बसणं तुमच्याच अंगाशी येईल.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. टाकीच्या कोपऱ्यातल्या पाइपातून निघालेला तांबूस ओघळ भिंतीच्या कडेने थेट विहिरीच्या कठड्याकडे गेलाय. त्या टाकीत भरली तर दीडशे लिटर पाणी मावतं. पाण्याने धूर गिळला, म्हणजे धुरातलं सगळं आता पाण्यात आणि तळाच्या गाळात आहे. गॅल्वनाइज्ड पत्रा कापला असेल तर जस्त, स्टेनलेस कापलं असेल तर क्रोमियम. गंज धरू नये म्हणून पाण्यात पावडर टाकता असं लिहिलंय. ती सोडियम नायट्राइट असेल, तर पिण्याच्या विहिरीजवळ ती फार घातक आहे, तान्ह्या बाळाला तर विशेष.

1974 च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम 24 सांगतं की विषारी किंवा दूषित करणारा पदार्थ नाल्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवरही जाणूनबुजून सोडायचा नाही. ‘जाणूनबुजून’ हा शब्द नीट वाचा. नोटीस हातात पडेपर्यंत ‘मला कल्पना नव्हती’ असं म्हणता आलं असतं. आता नाही. म्हणून तो पाइप आजच बंद करा आणि बंद केल्याचा तारखेसह फोटो ठेवा.

टाकी दर आठवड्याला रिकामी करायची गरजही नसते. पाणी रात्रभर निवळू द्या, वरचं नितळ पाणी पिंपात काढा, गाळ उपसून झाकणाच्या ड्रममध्ये भरा आणि तेच पाणी परत टाकीत ओता. तो गाळ घंटागाडीत टाकायचा नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगली कार्यालयात लेखी अर्ज करून तो कोणाकडे द्यायचा ते विचारा, अर्जाची पोच घ्या.

भरपाईचं म्हणाल, तर नुकसान झालं आणि ते तुमच्याच पाण्याने झालं हे काकूंना सिद्ध करावं लागेल. तरी उत्तरात तुम्हीच सुचवा की दोघांसमक्ष विहिरीचा नमुना घेऊन सरकारी प्रयोगशाळेत तपासू, खर्च माझा. अहवाल येईपर्यंत त्या घराला पिण्याचं पाणी तुम्ही पुरवा. ‘कबुलीशिवाय, शेजारधर्म म्हणून’ असं स्पष्ट लिहून. चूक नाकारण्याच्या भरात त्या घरातल्या माणसांना ते पाणी पिऊ देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

नोटिशीत नसलेली एक गोष्ट : वीजजोडणी घरगुती आहे आणि काम पैसे घेऊन चालतं. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली हा अनधिकृत वापर ठरतो, आकारणी दुप्पट दराने होते. त्यावर अपील करायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. जोडणीचा प्रकार बदलून घेण्याचा अर्ज याच आठवड्यात द्या.

आणि त्या टाकीवर ॲल्युमिनियम कापत असाल तर ताबडतोब थांबवा. तळाशी बसलेल्या ॲल्युमिनियमच्या कणांतून हायड्रोजन सुटतो, तो कापायला ठेवलेल्या पत्र्याखाली साठून ठिणगीने भडकतो.

नोटिशीचं पाकीट फेकलं नसेल तर जपून ठेवा, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून नोटीस कधी मिळाली ते दाखवता येतं.