हुकूम तपासणार कोण?

प्रिय मित्रा,

तुझे पत्र दोनदा वाचले. फोन टॅपिंगच्या तरतुदींवर हरकती लिहायला बसलास आणि घरच्यांच्या ‘आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?’ या प्रश्नापाशी अडलास, याचे वाईट वाटले आणि थोडा रागही आला. त्या प्रश्नाची उत्तरे देत बसू नकोस. विचारायचे ते एवढेच, की पाळतीचा हुकूम सरकार काढणार असेल, तर तो तपासणार कोण?

1996 साली पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टॅपिंगला कार्यपद्धतीची चौकट घालून दिली, पण न्यायाधीशाची पूर्वपरवानगी बंधनकारक केली नाही, कारण तशी तरतूद कायद्यातच नव्हती. तेव्हापासून केंद्रात हुकूम गृहसचिव काढतात आणि त्याचे पुनर्विलोकन कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची सचिवांचीच समिती करते. 2023 साली नवा दूरसंचार कायदा आला, पुढच्या वर्षी त्याचे नियम आले, तरी ही रचना हलली नाही. हुकूम काढणारे सरकार आणि तपासणारेही सरकारच.

डेटा संरक्षणाच्या कायद्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा 2018 चा अहवाल काढून वाच. पुनर्विलोकन समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि प्रत्येक बैठकीत तिच्यापुढे 15,000 ते 18,000 हुकूम येतात, असा हिशेब माहिती अधिकारातल्या उत्तरावरून त्यात मांडला आहे. एका हुकमाला एकच मिनिट दिले, तरी 15,000 हुकमांना 250 तास लागतील. हे कोण तपासते, सांग बरे! शिवाय ज्याचे बोलणे ऐकले जाते, त्याला ते नंतरही कळवले जात नाही, मग तो दाद मागणार कशाच्या आधारावर?

एन्क्रिप्शन असलेले, म्हणजे मजकूर तिऱ्हाइताला वाचता येऊ नये असा सांकेतिक करून पाठवणारे ॲप घेतले की झाले, असे तुझे मित्र म्हणतात. ॲप जरूर वापरावे, पण त्याने कायदा बदलत नाही. आयटी कायद्याच्या कलम 69 नुसार सरकार मजकूर उलगडून देण्याचाही आदेश देऊ शकते. मी वर्षानुवर्षे एकच प्रश्न लावून धरला, म्हणून जवळची माणसे कंटाळली, काही दुरावली, आणि त्याची खंत आजही आहे. पण 2017 साली पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवल्यावरही टॅपिंगच्या हुकमावर न्यायाधीशाची सही लागत नसेल, तर मी हेका सोडायचा तरी का?

तेव्हा खासगीपणाच्या महतीची पहिली दोन पाने काढून टाक. हुकमाआधी न्यायाधीशाची परवानगी, तातडीच्या प्रसंगी ठराविक मुदतीत त्यांच्याकडूनच शिक्कामोर्तब, आणि तपासाला बाधा उरली नाही की संबंधित व्यक्तीला लेखी सूचना, एवढेच माग. प्रत्येक मागणीसमोर कलमाचा क्रमांक घाल आणि सुधारलेला मसुदा रविवारपर्यंत माझ्याकडे पाठव.