इमर्जन्सीत रुग्णाची जुनी माहिती, स्मार्टवॉच आणि एआय यांचा खरा उपयोग किती?

तुमचा प्रश्न असा आहे: इमर्जन्सीत डॉक्टरांकडे वेळच नसतो, मग रुग्णाचा आधीचा डेटा बघून त्याच्यापुरता वेगळा उपचार खरंच होतो का, आणि घरच्यांनी आधीपासून काय तयार ठेवावं?

होतो. पण पहिल्या दहा मिनिटांत शंभर पानांची फाइल कुणी वाचत नाही. तेव्हा कामाला येते ती मोजकी माहिती, जिच्यामुळे डॉक्टर करणार असलेली पुढची गोष्टच बदलते. बाकीचं नंतर वॉर्डात बघता येतं. माझ्या मते डिजिटल आरोग्य नोंदींचं बरंचसं काम इथेच चुकतं: सगळं साठवलं जातं, पण त्यातलं निर्णायक काय ते वर येत नाही.

ऑक्सिजनचंच बघा. बहुतेक प्रौढ रुग्णांत ऑक्सिजनची पातळी ९४ ते ९८ टक्क्यांवर ठेवायची असते. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, अशा जुन्या सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) रुग्णांत मात्र लक्ष्य ८८ ते ९२ असतं. त्यांना भरपूर ऑक्सिजन लावला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो आणि माणूस गुंगीत जातो. म्हणून ब्रिटनमध्ये २०१७ साली आलेल्या न्यूज-२ या पद्धतीत (नाडी, श्वास वगैरेंना गुण देऊन रुग्ण किती गंभीर आहे ते ठरवतात, जास्त गुण म्हणजे जास्त धोका) ऑक्सिजनसाठी दोन पट्ट्या, म्हणजे गुण देण्याची दोन कोष्टकं आहेत. ऑक्सिमीटरवर ९० दिसलं तर पहिल्या पट्टीवर ३ गुण, म्हणजे धोक्याची खूण. दुसऱ्या पट्टीवर शून्य. तोच रुग्ण ऑक्सिजनवर ९७ दाखवू लागला तर उलटं होतं: पहिल्या पट्टीवर त्या आकड्याचे शून्य, दुसरीवर ३. कोणती पट्टी वापरायची हे ऑक्सिमीटर सांगू शकत नाही, ते मागच्या ब्लड गॅस रिपोर्टवरून (रक्तातल्या ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडची तपासणी) कळतं. आणि नोंदीत नुसतं ‘सीओपीडी’ दिसलं म्हणून सॉफ्टवेअरने आपोआप दुसरी पट्टी लावली तर तेही घातक, कारण ज्याला खरोखर ऑक्सिजन कमी पडतोय त्याचे गुण शून्य दिसतील. ही निवड डॉक्टरांनीच करून नोंदवायची असते.

दुसरी निर्णायक माहिती म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. डोक्याला मार लागून आत रक्तस्राव झाला असेल तर ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे’ एवढ्याने भागत नाही. घरचे ॲस्पिरिनलाही तेच म्हणतात. वॉरफेरिन असेल तर व्हिटॅमिन के आणि प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स (रक्त गोठवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन) देतात. या कॉम्प्लेक्सचा एक प्रचलित डोस आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) आणि वजन या दोन्हींवर ठरतो: आयएनआर २ ते ४ च्या आत असेल तर किलोमागे २५ युनिट, ४ ते ६ ला ३५, त्यापुढे ५०. डॅबिगॅट्रान ही गोळी असेल तर तिचा उतारा इडारुसिझुमॅब ५ ग्रॅम, त्याला वजन लागत नाही. एपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन या गोळ्यांचा मार्ग पुन्हा वेगळा. म्हणून गोळीचं नाव, डोस आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे तिन्ही हवं.

पक्षाघातातही शेवटच्या गोळीची ही वेळ माहीत असावी लागते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि एपिक्साबॅनसारखी गोळी गेल्या ४८ तासांत घेतली असेल तर ते सहसा देत नाहीत. हे साडेचार तास मोजले जातात रुग्ण शेवटचा व्यवस्थित दिसला तेव्हापासून. सकाळी सहाला उठल्यावर तोंड वाकडं दिसलं आणि रात्री दहाला नीट बोलून झोपला होता, तर घड्याळ दहालाच सुरू झालेलं असतं. अशा वेळी काही ठिकाणी एमआरआय किंवा सीटी परफ्युजनवरून (मेंदूतला रक्तपुरवठा दाखवणारा स्कॅन) मेंदूचा किती भाग अजून वाचू शकतो ते पाहून निर्णय घेतात. स्कॅनमधला डेटा एका माणसासाठी वेळेची मर्यादा बदलतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

छातीत दुखत असेल तर पहिल्या १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. ॲम्ब्युलन्समधूनच १२ लीडचा, म्हणजे हृदय बारा बाजूंनी दाखवणारा, ईसीजी पाठवला तर रुग्ण पोहोचण्याआधी कॅथलॅब (हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडण्याची खोली) तयार होते. या क्षेत्रातला सर्वांत भरवशाचा तांत्रिक फायदा मी यालाच मानतो. यात बिघडतं ते साध्या कारणांनी. डाव्या-उजव्या हाताच्या वायरी उलट लागल्या तर लीड १ उलटी दिसते. छातीवरच्या व्ही१ आणि व्ही२ या वायरी चौथ्या बरगडीखालच्या फटीत लावण्याऐवजी वर लावल्या तर नसलेला बदल दिसतो. थंडीने किंवा भीतीने रुग्ण थरथरत असेल तर मशीनने छापलेलं निदान चुकतं. आणि नवा ईसीजी वाचायला जुना हवा: काहींच्या ईसीजीत वर्षानुवर्षं असे बदल असतात की ते ताज्या हार्ट अटॅकसारखे वाटतात. मागच्या ईसीजीचा तारखेसह स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये असणं, यासारखी स्वस्त तयारी नाही.

स्मार्टवॉचचा ईसीजी एका लीडचा असतो. ठोक्यांची अनियमितता त्यातून पकडता येते, हार्ट अटॅक नाही. घड्याळ ‘नॉर्मल’ म्हणतंय म्हणून छातीत दुखत असताना घरी बसू नका. साखर मोजणारा दंडावरचा सेन्सरही रक्त नाही, त्वचेखालचा द्रव मोजतो. साखर झपाट्याने घसरताना तो काही मिनिटं मागे असतो. बेशुद्ध रुग्णात बोटाला टोचूनच खात्री करतात.

आता एआय. कोपनहेगनमध्ये इमर्जन्सी कॉल ऐकून हृदय बंद पडल्याचं ओळखणारी प्रणाली तपासली गेली. जुन्या कॉलवर ती माणसांपेक्षा जास्त प्रकरणं ओळखत होती. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा इशारा कॉल घेणाऱ्यांच्या पडद्यावर दाखवला, तेव्हा त्यांच्या ओळखण्यात लक्षणीय सुधारणा दिसली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत सेप्सिसचं (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी अवस्था) भाकीत करणाऱ्या, अनेक रुग्णालयांत वापरात असलेल्या एका मॉडेलची स्वतंत्र तपासणी झाली, आणि त्यातून सेप्सिसचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण निसटल्याचं आढळलं. शिवाय इशारे इतके की कर्मचारी कंटाळावेत. त्यामुळे कोणतीही प्रणाली घेताना मी तीन गोष्टी विचारेन: इशारा आल्यावर कोण काय करणार, आपल्याच रुग्णांवर तपासली आहे का, आणि नेटवर्क गेलं तर काय.

लहान मुलांत सगळं वजनावर चालतं. ॲनाफिलॅक्सिसला (ॲलर्जीची जीवघेणी प्रतिक्रिया) ॲड्रेनालिन मांडीत, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. दशांश चिन्ह सरकलं की डोस दहापट. वजन टाकल्यावर मिलिलिटरमध्ये उत्तर देणारा तक्ता ही चूक टाळतो. पण किलोच्या रकान्यात पौंड टाकले तर तोच तक्ता सव्वादोनपट डोस दाखवेल. मुलाचं वजन तारखेसह लिहून ठेवा.

तुमची तयारी अशी. आयफोनवर हेल्थ ॲपमध्ये ‘मेडिकल आयडी’ भरा आणि लॉक असताना दिसण्याचा पर्याय चालू करा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ शोधा. कंपनीगणिक नाव थोडं बदलतं. त्यात लिहा: मोठे आजार, चालू गोळ्या डोससह, पेसमेकर किंवा स्टेंट, ॲलर्जी, वजन, दोन फोन नंबर आणि वर माहितीची तारीख. रोज स्टेरॉइड घेत असाल तर ते पहिल्या ओळीत, कारण गंभीर आजारात हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागू शकतं. रक्तगट लिहिला तरी चालेल, पण रक्त देण्याआधी तो पुन्हा तपासतातच.

ॲलर्जी लिहिताना नेमकं काय झालं ते लिहा. ‘पेनिसिलीन: उलटी’ आणि ‘पेनिसिलीन: ओठ सुजले, श्वास कोंडला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिल्या नोंदीमुळे योग्य अँटिबायोटिक विनाकारण टाळलं जातं. फोन बंद पडू शकतो, म्हणून हेच एका कागदावर पाकिटातही ठेवा. गोळी बदलली की त्याच दिवशी दोन्हीकडे दुरुस्त करा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तुमचा लॉक असलेला फोन देऊन ही माहिती उघडायला सांगा.