ट्रॅक आधी आखून करावा की आवाजांशी खेळत खेळत?

वाशीत राहता, लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक संगीत करता आणि आधी आराखडा करावा की नुसते नॉब फिरवत बसावं, असं विचारलंय. माझ्या मते आधी खेळा, आखणी नंतर.

दोन्ही घराणी जुनीच. पॅरिसमध्ये फ्रेंच संगीतकार पिएर शेफरने १९४८ साली रेल्वेचे आवाज रेकॉर्ड करून, त्यांचे तुकडे जोडून रचना केली. कानाला पटलं ते ठेवलं. उलट जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेनने कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत, १९५४ च्या 'स्टुडी २'साठी, स्वरांची कंपनसंख्या, लांबी, जोर सगळं आधी हिशेबानं बसवलं.

शेफरचा कच्चा माल तर तुमच्या दाराशीच आहे. मानखुर्दकडे जाणारी लोकल खाडीपुलावर चढली की तिचा खडखडाट बदलतो, तो फोनवर टिपा. सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेला आवाज हव्या त्या सुरात वाजवणारं साधन) टाकून एक सप्तक खाली उतरवा, छोटा तुकडा लूप करा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत ठेवा. या वेळी रेकॉर्डिंग सतत चालू असू द्या. फिल्टर (आवाजातला काही भाग गाळणारा नॉब) फिरवताना सापडलेली जागा सहसा पुन्हा हाताला लागत नाही.

पण आठ बारचा (बार म्हणजे मात्रांचं एक आवर्तन) झकास लूप जमला की बहुतेक जण तिथेच घुटमळतात. तेव्हा कागद घ्या. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ मात्रा), चार मात्रांचा बार धरून, ३२ बार म्हणजे बरोबर एक मिनिट. किक (ठेक्याचा जड ठोका) कधी येणार, सगळं कधी काढून घेणार, ते लिहा.

हळदीच्या डीजेसाठी ट्रॅक असेल तर मात्र हा कागद पहिल्या दिवशीच हवा. सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका सोडा, म्हणजे त्याला एका गाण्यातून दुसऱ्यात मिक्स करता येईल.