बायकांच्या गटानं सेंद्रिय शेती-धंदा केला तर गावातलं कर्ज, स्थलांतर कमी होतं का?
कर्ज होतं कमी, स्थलांतराचं एवढं सोपं नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडं बायकांचे गट उभे राहिले, त्याच कामातून पुढं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं एक एकर मॉडेल आलं, म्हणजे घरच्याच जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या हाती आणि त्यात नुसतं सोयाबीन न लावता डाळी, ज्वारी, भाजीपाला, खत घरच्या शेणाचं नाहीतर गांडुळाचं. आधी घरचं पोट, उरलं तर बाजार. २०१६ ला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार पण मिळालाय या संस्थेला. खर्चच कमी म्हटल्यावर सावकाराकडं कशाला जावं लागतंय! पण सातबारा नवऱ्याच्या नावावर असला की पीककर्जाला बाई अडकतेच. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्यांचं स्थलांतर थांबवायला मात्र हे पुरणार नाही, तिथं आधी पाणी पाहिजे. आणि गांडूळखत विकायचंय तर गिऱ्हाईक आधी बघा, अनुदान आहे म्हणून बेड टाकू नका.