पेरणीचा निर्णय गटाने कसा घ्यावा?

प्रश्न : जूनमध्ये पाऊस येतो, मग दडी मारतो. सोयाबीन कधी पेरायचे, यावरून आमच्या शेतकरी गटात दरवर्षी भांडणे होतात. गटप्रमुखाने काय करावे?

उत्तर : तारीख नको, अट ठरवा, तीही मे महिन्यातच, सगळ्यांसमोर लिहून. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीयंत्र बाहेर काढायचे नाही. महसूल मंडळाचा (अनेक गावांचा मिळून) पावसाचा आकडा तुमच्या शिवाराला लागू पडेलच असे नाही, म्हणून गावात पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या. घरचे बियाणे आधीच तपासा : ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवा, किमान ७० उगवले पाहिजेत. एकाने घाई केली की बाकीचे त्याच्यामागे धावतात आणि दुबार पेरणी ओढवते, खरी गडबड इथेच होते. १५ जुलैपर्यंत अट पुरी झाली नाही, तर तूर किंवा सूर्यफूल. हेही त्याच कागदावर लिहा.